अण्णांच्या बेताचे टायर

बापूसो बिरनाळ्यांनी पिकअपला मोठे टायर घालायचं ठरवलं, तेव्हा घरात कुणी टायर मागत नव्हतं. मागणारा दोन-अडीच महिन्यांपूर्वीच गप्प झाला होता, आणि बापूसोंना धास्ती बसली होती ती त्या गप्प होण्याची.

मागणारा म्हणजे त्यांचा मुलगा जिनेंद्र. थोरली रोहिणी लग्न होऊन सांगलीला गेलेली, हा धाकटा, सत्तावीस वर्षांचा. उचगावच्या शिवारात त्यांची दोन एकरांची नर्सरी होती. आंब्या-काजूची कलमं बांधायची ती बापूसोंनी, आणि गिऱ्हाइकं सांभाळायची, गाडी चालवायची ती जिनेंद्रनं, अशी वाटणी आपोआप पडली होती. निम्मा माल गगनबावड्याकडं जायचा. तिकडं डोंगरउतारावर लोक काजू लावत होते, आणि लावणी पावसातच होते. म्हणजे रस्ते सगळ्यात वाईट असायचे, नेमकी तेव्हाच भरलेली गाडी तिकडं न्यायची.

गाडी तशी दणकट होती, चारी चाकं ओढणारी. पण टायर कंपनीनं दिलेले, डांबरावरचे. तांबड्या चिखलात त्यांची नक्षी भरून जायची आणि चाक जागच्या जागी फिरायचं. दोन वर्षं जिनेंद्रनं बापाचं डोकं खाल्लं होतं.

"अण्णा, ऑल-टेरेन घालूया की. एकतीस इंची. कायबी होऊ दे, गाडी अडकणार न्हाय."

जेवताना आमटीत बोट बुडवून तो ताटात खाचा काढून दाखवायचा, चिखल हितनं असा बाहेर फेकला जातोय म्हणून. सुरेखा, त्याची आई, ओरडायची, "अन्नात कसली रे चित्रं काढतोस?" आणि बापूसो म्हणायचे, "गाडी हाय का हत्ती? चढायला शिडी लावू व्हय मी?" मग तो फोनमधले फोटो काढायचा. असं दोन वर्षं चाललं होतं. बापूसोंना खरं तर त्यात मजा वाटायची. मागून मागून दमला की पुढच्या दिवाळीला देऊ, असं त्यांच्या मनात होतं.

यंदाच्या आषाढात गगनबावड्याच्या पुढं, कृष्णात नावाच्या गिऱ्हाइकाच्या वाडीला जाताना गाडी रुतली. मागं चारशे कलमं, पुढं चढ. एरवी जिनेंद्रनं चाकाला लाथ मारली असती आणि बापाकडं बघून "तरी सांगत होतो" म्हटलं असतं. त्या दिवशी तो शांतपणे उतरला. चाकाखाली दगड लावायच्या आधी वाकून बसला आणि तिथल्या गोगलगाई एकेक करून पानावर घेऊन कडेला ठेवू लागला. पाऊस पाठीवर पडत होता. शेवटची गोगलगाय बाजूला होईपर्यंत त्यानं दगडाला हात लावला नाही.

"येईल की ट्रॅक्टर, अण्णा," तो म्हणाला. "घाई काय हाय?"

बापूसोंना राहवलं नाही. ते आपणहून म्हणाले, "मोठं टायर असतं तर निघाली असती न्हवं?"

"असती," जिनेंद्र हसून म्हणाला. आणि दगड लावायला वाकला.

त्या चातुर्मासात शेजारच्या गावच्या बस्तीत मुनींचा संघ मुक्कामाला होता. बस्ती म्हणजे तिथलं जैन मंदिर. मंडपाच्या कडेनं ठेवायला झाडांच्या कुंड्या हव्या होत्या म्हणून जिनेंद्र पहिल्यांदा तिथं गेला. मग दुपारच्या प्रवचनाला रोज जाऊ लागला. मग एकवेळचं जेवण सोडलं. मग गादी सोडली. सुरेखा म्हणायची, चातुर्मास हाय, करतोय तर करू दे. बापूसोही मान डोलवायचे. पण ताटात आमटीची नक्षी उमटायची बंद झाली होती, हे त्यांनी मोजून ठेवल्यासारखं लक्षात ठेवलं होतं.

पर्युषण संपलं. दुसऱ्या दिवशी सगळे एकमेकांची क्षमा मागतात, तशी जिनेंद्रनं आईवडिलांसमोर बसून हात जोडून मागितली. "कळत-नकळत काय चुकलं असंल तर क्षमा करा." हे दरवर्षीचंच होतं. पण यंदा तो उठला नाही.

"आणि एक मागायचं हाय," तो म्हणाला. "दिवाळी झाली की संघ कर्नाटकाकडं निघणार. मला संघाबरोबर जायचंय. आधी ब्रह्मचारी म्हणून राहीन, मग महाराज म्हणतील तवा दीक्षा. घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय महाराज घेत न्हाईत."

सुरेखानं नवऱ्याकडं बघितलं. बापूसो जन्मभर मुनींपुढं वाकलेले. आहार देताना ज्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं ते. दुसऱ्याच्या घरचं पोरगं दीक्षा घेतंय म्हटलं की "भाग्य लागतंय त्याला" असं बस्तीच्या पायरीवर बसून सांगणारे. ते उठले आणि कलमांना पाणी घालायला गेले. पाणी सकाळीच घालून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्या झाल्या ते म्हणाले, "जिनू, गाडी काढ. टायर बघून येऊ."

जिनेंद्र बघतच राहिला. "आता कशाला, अण्णा?"

"कशाला म्हंजे? पुढल्या पावसाच्या आत घालायला नकोत व्हय?"

तो गाडी काढायला गेला तशी सुरेखा दारात येऊन हळूच म्हणाली, "अवो, टायर घातल्यानं पोरगं घरात राहतंय व्हय?"

"बघूया की," बापूसो म्हणाले.

हायवेच्या सर्व्हिस रोडला उदयसिंह नावाच्या माणसाचं टायरचं दुकान होतं. त्यानं लांबूनच आवाज दिला. "या पावणं! आज मोठ्या मालकांना घेऊन आलायस व्हय जिनू? म्हंजे आज गाठ पक्की." मग बापूसोंना म्हणाला, "तुमचं पोरगं दोन वर्षं त्या एकतीस इंचीवर नुसता हात फिरवून जातंय बघा. ते टायर माझ्यापेक्षा याच्याच जास्त वळखीचं झालंय."

बापूसोंना बरं वाटलं. त्यांना वाटलं, अजून काही हातातनं गेलेलं नाही.

"तेच द्या," ते मोठ्यानं म्हणाले. "पाच द्या. स्टेपनीसकट."

म्हणून त्यांनी मुलाच्या तोंडाकडं बघितलं. लहानपणी सायकल घेतली तेव्हा हा दुकानातच नाचला होता. आता तो नाचला नाही. मागं हात बांधून त्या काळ्या, जाडजूड टायरापुढं उभा होता, लग्न ठरलेल्या बहिणीकडं बघावं तसा मायेनं, पण लांबून.

"थांबा, अण्णा," तो म्हणाला. आणि मग त्यानं उदयसिंहला विचारायला सुरुवात केली. एकतीस इंची घातलं तर चाक पूर्ण वळवल्यावर आतनं घासणार का? स्टेअरिंग किती जड होईल? डांबरावर आवाज किती? माती भरलेल्या पिशव्यांचं वजन असतंय, तेवढं धरणारं कुठलं? घाट चढताना गाडी एक गियर खालचा मागंल का?

बापूसो बाकड्यावर बसून ऐकत होते. त्यांना वाटलं, बघा, जीव आहे अजून गाडीत. ज्याला जायचंय तो एवढं कशाला विचारंल?

दुकानात दुसऱ्या कुणाची तरी तशीच पिकअप उभी होती, तिला ते मोठे टायर बसवलेले होते. जिनेंद्र म्हणाला, "अण्णा, जरा हिच्यात चढून बघा."

"मी?"

"बघा तर."

बापूसोंचा डावा गुडघा तीन वर्षांपासून धरलेला. त्यांनी पाय वर टाकला, तो पोचला नाही. दाराला धरून झोका घेतला तेव्हा दुसऱ्या खेपेला कसेबसे आत गेले. उतरताना जिनेंद्रनं काखेत हात दिला.

"न्हाय," तो उदयसिंहला म्हणाला. "हे नको."

"अरे, मला कशाला चढायचंय?" बापूसो धापा टाकत म्हणाले. "तुला पायजे ते घे की."

उदयसिंहला आतलं काही माहीत नव्हतं. त्यानं सरळ धंद्याचा प्रश्न विचारला. "एक सांगा, गाडी चालवणार कोण? त्यावर ठरतंय सगळं."

"अण्णाच चालवणार," जिनेंद्र म्हणाला.

त्यानं ते अगदी साध्या आवाजात सांगितलं. उदयसिंह मान डोलवून आतून दुसरे टायर आणायला गेला. बापूसो परत बाकड्यावर जाऊन बसले. दोन वर्षं ज्या टायरासाठी पोरगं हट्ट करत होतं, ते त्यानं बापाच्या गुडघ्यासाठी एका मिनिटात बाजूला सारलं होतं, आणि त्याच्या तोंडावर जराही वाईट वाटल्याची खूण नव्हती. तो गाडीसाठी टायर निवडत नव्हता. तो नसताना बापाचं कसं भागेल ते बघत होता.

उदयसिंहनं आणलेले टायर कंपनीच्या टायरांपेक्षा एक अंगुळभर उंच, तेवढेच रुंद, खोल खाचांचे. जिनेंद्रनं खाचेत अंगठा घालून बघितला. बापाला स्टेअरिंगवर बसवून चाक दोन्हीकडं पूर्ण वळवायला लावलं, स्वतः खाली झोपून घासतंय का बघितलं. चढायला सोपं जावं म्हणून दाराखाली लोखंडी पायदान बसवून घेतलं. आणि प्रत्येक गोष्ट बापाला समजावून सांगत राहिला.

"काटा साठ दाखवंल तवा गाडी त्रेसष्टनं पळत असणार, ध्यानात ठेवा. चिखलात शिरताना हवा थोडी कमी करायची. डांबरावर आलं की परत भरायची, विसरायचं न्हाय. आणि घाट उतरताना दुसऱ्या गियरात. ब्रेकवर उतरायचं न्हाय, अण्णा. ऐकताय न्हवं?"

"ऐकतोय," बापूसो म्हणाले. ते दुकानामागच्या नळावर गेले आणि तोंडावर पाणी मारत राहिले. उदयसिंहनं विचारलं, "उन्हानं चक्कर आली काय मामांना?" जिनेंद्रनं पायदान पुन्हा एकदा हलवून बघितलं.

परत येताना त्यानं बापालाच चालवायला बसवलं. नव्या टायरांचा डांबरावर घुमल्यासारखा आवाज येत होता. अर्ध्या वाटेत बापूसोंनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"मी न्हाय म्हटलं तर?" त्यांनी समोर बघतच विचारलं.

"तर न्हाय जाणार."

"आणि?"

"आणि काय? नर्सरी हाय, गाडी हाय. तुम्ही दाखवशिला त्या पोरीशी लगीन करीन. तोंड वाकडं करणार न्हाय, अण्णा. कधी बोलूनबी दाखवणार न्हाय."

ते खरं होतं. या पोरानं कधी खोटं बोललेलं बापूसोंना आठवत नव्हतं. तो भांडला असता, उपाशी बसला असता, तर बापूसोही भांडले असते आणि जिंकलेही असते. पण त्यानं तर सगळं बापाच्या हातात आणून ठेवलं. बापूसोंना पुढची तीस वर्षं दिसली. हाच मुलगा, याच घरात. कलमं भरतोय, गाडी धुतोय, बायकोशी नीट बोलतोय, आणि कशासाठी म्हणून हट्ट करत नाही. समोर ताटावर बसलेला, आणि तिथं नसलेला.

"जा," ते म्हणाले.

"अण्णा?"

"जा म्हटलं की."

त्यांनी गाडी चालू केली. गियर पडेना, तर जिनेंद्रनं त्यांच्या हातावर हात ठेवून तो टाकला.

घरी आल्यावर बापूसो स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. सुरेखा तांदूळ निवडत होती. "मी हो म्हणालो त्याला," ते म्हणाले. तिची बोटं क्षणभर थांबली, मग पुन्हा खडे वेचू लागली. थोड्या वेळानं जिनेंद्र येऊन तिच्या पाया पडला, "आई, तुझं काय म्हणणं?" म्हणाला. ती म्हणाली, "अण्णांनी हो म्हटलंय न्हवं? मग झालं." सगळ्यांनी त्याला होकारच धरलं.

कार्तिकात संघ निघाला. गावानं बापूसो आणि सुरेखाला शाल आणि नारळ दिला, फोटो काढले. जिनेंद्र पांढऱ्या कपड्यांत, अनवाणी, संघाच्या मागच्या ओळीत चालत होता. बापूसोंना एवढं चालवत नव्हतं, म्हणून ते पिकअप घेऊन मागं मागं निघाले, शेजारी सुरेखा. पहिल्या गियरात, माणसाच्या चालीनं, सकाळभर. नवे टायर इतक्या हळू फिरत होते की एकेक खाच रस्त्याला लागताना ऐकू येत होती. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीच्या फाट्याला समाजातले एक वडीलधारे खिडकीशी आले आणि म्हणाले, "आता फिरवा गाडी, बापूसो. किती लांब येणार?" बापूसोंनी गाडी थांबवली, पण फिरवली नाही. पांढऱ्या ओळीतलं आपलं माणूस कुठलं ते ओळखू येईनासं होईपर्यंत दोघं काचेतनं बघत बसली.

पुढच्या पावसाळ्यात बापूसोंनी एकट्यानं गगनबावड्याच्या खेपा केल्या. हवा कमी केली, परत भरली, घाट दुसऱ्या गियरात उतरला. कृष्णातच्या वाडीचा चढ गाडी एका दमात चढून गेली.

"झ्याक टायर घेतल्यासा की मामा," कृष्णात चाकाभोवती फिरत म्हणाला. "कुणी निवडलं?"

"पोरानं," बापूसो म्हणाले, आणि कलमं उतरवायला लागले.

माघात निरोप आला. बेळगावच्या पुढं एका खेड्यात जिनेंद्रची क्षुल्लक दीक्षा होती, मुनी होण्याच्या वाटेवरची पायरी. दोघं पिकअपनंच गेली. मंडपात हजारभर माणसं. जिनेंद्र व्यासपीठावर बसला आणि महाराजांनी त्याचे केस हातानं उपटायला सुरुवात केली. केस झेलायला सुरेखाच्या हातात पांढरं कापड दिलं होतं. लोक जयजयकार करत होते. प्रत्येक झुपक्याला तिचे खांदे आखडत होते, आणि तो मात्र डोळे मिटून शांत होता. मग त्याला दोन वस्त्रं दिली, मोरपिसांची पिंछी दिली, कमंडलू दिला, आणि नवं नाव पुकारलं. सुरेखानं ते नाव ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून बघितलं. तिच्या तोंडी ते बसेना.

नंतर दर्शनाची रांग लागली. क्षुल्लकांना हात जोडून 'इच्छामि' म्हणायचं असतं. आईबापांनीसुद्धा. बापूसो इतकी वर्षं हे म्हणत आले होते. गुडघा टेकून ते वाकले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर त्याचे पाय आले. टाचांना भेगा पडून त्यात डांबराचं काळं बसलेलं. पंधरा महिन्यांत तो किती चालला होता, ते त्या टाचांवर दिसत होतं. त्यांना त्या टाचा धरून बसावंसं वाटलं. सांगायचं होतं की गाडी तो चढ एका दमात चढली, की आवाज थोडा येतोय पण सवय झाली, की कृष्णातनं विचारलं.

"इच्छामि," ते म्हणाले. आणि मग न राहवून, "गाडी बरी चालतीया."

त्यानं बापाकडं बघितलं. नजरेत माया होती, पण ती तशीच होती जशी मागच्या माणसाला आणि त्याच्या मागच्या माणसाला मिळणार होती. पिंछी वर करून त्यानं आशीर्वाद दिला. स्वयंसेवक म्हणाला, "चला पावणं, पुढं सरका."

परतताना निपाणीच्या अलीकडं दिवस कलायला आला. सूर्य बुडायच्या आत जेवायचं म्हणून सुरेखानं गाडी थांबवायला सांगितली. गाडीच्या मागचा फाळका उघडून दोघं त्यावर बसली. तिनं दशम्या आणि चटणी सोडली. केसांचं कापड तिच्या मांडीवर होतं. ते तिनं कुणालाच दिलं नव्हतं.

बापूसोंच्या हातातला घास तोंडापर्यंत जाईना. ते म्हणाले, "मी बरोबर केलं न्हवं, सुरेखा?"

ती रस्त्याकडं बघत होती. उसाचे दोन ट्रॅक्टर गेले.

"मला इचारलं न्हाईसा तुम्ही," ती म्हणाली. "गाडीतच ठरवून आला."

"तुला इचारलं असतं तर?"

"मी न्हाय म्हटलं असतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. सोळा महिने ती हे घेऊन घरात वावरली होती, स्वयंपाक केला होता, आल्यागेल्याकडून "धन्य तुम्ही" ऐकून घेतलं होतं, आणि बापूसोंना त्याचा पत्ता नव्हता. त्यांना वाटत होतं दुःख दोघांचं एकच आहे.

"तो उदास राहिला असता घरात," ते कसंबसं म्हणाले.

"राहू दे की उदास," ती म्हणाली. "माझ्यापुढं राहिला असता."

बापूसो रडायला लागले, तोंड न झाकता, रस्त्यानं जाणारे बघत असताना. सुरेखानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही, आणि बाजूलाही सरकली नाही. मांडीवरचं कापड तिनं घडी करून पोटाशी धरलं. उसाच्या शेंड्यांवर आता थोडंसंच ऊन राहिलं होतं.

"खावा," ती म्हणाली. "दिवस बुडाला की उपाशी ऱ्हाशिला."

त्यांनी घास तोंडात घातला. तिनंही घातला. दोघं खाली मान घालून, ऊन असेपर्यंत, चावत राहिली.